आवाजाचं फोल्डर

रोहा, ११ ऑगस्ट २०२५

हिरामण,

सलाम. माझी एवढी लांब मेल बघून तू म्हणशील, फोन उचलून बोलायचं सोडून मुराद्याला हे काय सुचलं. तर बोलायचंच बंद होणार आहे. घशात गाठ आहे म्हणालो होतो ना, ती कॅन्सरची निघाली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा. जीव वाचेल, आवाज जाईल. मी विचारलं, थोडा तरी राहील का? म्हणाले, अजिबात नाही, आहे तो जपून वापरा आणि टाईप करायची सवय करा. म्हणून तुझ्यावर सवय करतोय.

सलीमाशी लिहून बोलेन. बायको आहे, न लिहिता पण तिला अर्धं कळतं. कंपनीतून सुटलोय, तिथे आता कोणाशी बोलायचं नाही. प्रश्न आयचा आहे. तिला दिसत नाही आणि मला बोलता येणार नाही. मग आम्ही माय-लेक एका घरात राहून एकमेकांना सापडणार कसे? आताही मी उंबऱ्यातूनच हाक देतो, "आये, मीच हाय." म्हणजे ती दचकत नाही.

तू म्हणशील, सलीमा सांगेल की तिला. पण आय आता कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ते आमच्यामुळेच. माझा धाकटा भाऊ आकिब सौदीत अपघातात वारला, तेव्हा तिच्या काळजाला धक्का नको म्हणून आम्ही लपवलं. त्याचे फोनवरचे जुने निरोप दर जुम्म्याला तिला ऐकवायचो. मागे कसलंतरी मशीन घरघरायचं आणि आकिब म्हणायचा, आये, मी मजेत हाय. ती दुवा द्यायची. शेवटी शेजारची बाई रडत दारात आली आणि तिला कळलं. माती तिकडेच झाली, हिला हातसुद्धा लावायला मिळाला नाही. तेव्हापासून म्हणते, माणूस समोर असल तर मला सांगा, नायतर सांगू नका.

तर मला लॅपटॉप हवा, टाईप केलेलं मराठीत मोठ्याने बोलून दाखवणारा. माझा जुना आहे, विंडोज दहाचा. त्याला ऑक्टोबरनंतर कोणी विचारणार नाही म्हणतात, आणि अकरा त्यावर चढत नाही. नवा घ्यावा का? घ्यावा तर कुठला? दुकान तुझं, तू सांग.

आयला एवढंच सांगितलंय की घशाचं ऑपरेशन आहे, आवाज थोडे दिवस बसेल.

मुराद

*

पेण, २० ऑगस्ट २०२५

मुराद्या,

मेल दुकानात वाचली आणि गिऱ्हाईकासमोर डोळे पुसले. ती बाई म्हणते, काय झालं ओ, लाईटबिल जास्त आलं काय? काय सांगू तिला. आयटीआयच्या बाकावर बसून तू मास्तरांच्या नकला करायचास, तो आवाज काढून टाकणार? च्यायला, माझा आवाज काढा म्हणावं, पेणच्या बाजारात शांतता तरी होईल. गणपती तोंडावर आलेत, जोह्याचे मूर्तींचे कारखानेवाले बिलं नि लेबलं छापायला रांग लावून बसलेत, नायतर आत्ता गाडीत बसलो असतो.

आता लॅपटॉपचं. नवा घेऊ नको, औषधपाण्याला पैसे ठेव. नव्यात विंडोज अकरा येईल, त्यातला मराठी आवाज एकदम बातम्या देणाऱ्या माणसासारखा, पण मला जमला तो नेटवर चालणारा. नेट गेला की तुझी दातखीळ बसली. दुसरा तो सफरचंदवाला. दिसायला देखणा, पण काय बिघडलं तर पेण-रोह्यात उघडायची कोणाची छाती नाय, माझी पण नाय. मी म्हणतो, जुन्यावरच लिनक्स चढवू. हलका हाय, तुझा म्हातारा लॅपटॉप पोरासारखा पळेल. मराठी आवाज घालून देतो. डब्यात बसून बोलल्यासारखा वाटेल, पण नेट असो नसो, बोलेल.

आणि ऐक, एक डोक्यात आलंय. तुझा आवाज अजून हाय ना? मग तो भरून ठेव! रोज लागणारी वाक्यं बोल आणि फाईली करून ठेव. एकेका बटणाला एकेक वाक्य लावून देतो. बटण दाबलं की म्हातारीला तूच ऐकू येशील. आकिबच्या वेळची गोष्ट वेगळी होती, इथं तू तिच्या पुढ्यात बसलेला असशील.

लॅपटॉप देण्याआधी माझी रीत लक्षात ठेव. त्याच्या पोटात दोन कप्पे असतात. सी मी साफ उडवतो, डी ला हात लावत नाय. जपायचं ते डी मध्ये.

धोंडुबाई म्हणते, मुरादच्या आईला पोह्याचे पापड पाठवते. माझ्या आईला सगळ्यावर पापड हेच औषध माहीत.

हिरामण

*

रोहा, १४ सप्टेंबर २०२५

हिरामण,

तुझं ऐकलं. मागच्या खोलीत दार लावून बसलो आणि आवाज भरला. माणसाला दिवसभरात किती कमी वाक्यं लागतात, हे तिथे बसल्यावर कळलं. जेवलीस काय. गोळी घेतलीस काय. पाय चेपू? ऊन आलंय, आत चल. सलीमा बाजारात गेलीय. व्हय. नाय. गप झोप आता. वाटलं होतं आयुष्याचं काहीतरी मोठं बोलून ठेवावं, पण तोंडातून निघालं ते "पंखा लावू?"

घसा मध्येच दगा द्यायचा, थांबून परत बोलायचो. "आये, मीच हाय" मात्र एका दमात झालं, अगदी जुन्या आवाजात. फक्त त्याच्या मागे कोळणीची हाक आलीय, "मावरा घ्या गो!" सलीमा म्हणाली परत भर. पुन्हा तसं जमेना. म्हटलं राहू दे, रोह्यातलं घर आहे, कोळीण ओरडणारच.

आय दाराबाहेर येऊन उभी होती. विचारते, "मुराद, कोनाशी बोलतोस रे? माझाच नाव घेतोस आन मला बोलवत नायस." म्हणालो, कंपनीचं काम आहे आये. पुन्हा एकदा तिच्याशी खोटं बोललो आणि ते पण आवाज शिल्लक असताना.

उद्या मुंबईला भरती व्हायचंय. लॅपटॉप केरू आणून देईल, तुमच्या पेणहून रोज धाटावच्या कारखान्यात शिफ्टला येतो तो. जपायचं ते सगळं डी मध्ये टाकलंय. आवाजाचं फोल्डर तर उघडल्या उघडल्या समोरच दिसेल असं ठेवलंय, चुकायचा प्रश्नच नाही. फोन भरला होता म्हणून तिथून सगळं काढून टाकलं.

आज संध्याकाळी आयला जेवण भरवताना नेहमीपेक्षा जास्त बोललो. ती म्हणाली, "आज एवढा बोलतोस, घसा दुखल तुझा."

दुवा कर.

मुराद

*

पेण, १६ ऑक्टोबर २०२५

मुराद्या,

सलीमाभाभींचा मेसेज आला, टाके सुकले, घरी आणलं. देवा रे, सुटलो एकदाचा. आता तू माझं बोलणं मुकाट ऐकून घेणार, मधे बोलणार नायस, ही चैन मला आयुष्यात पहिल्यांदा मिळतेय. रागावू नको. मला असंच बोलता येतं, रडायला लागलो तर थांबत नाय.

लॅपटॉप केरूच्या हाती पाठवलाय. काय पळतोय बघ! सी साफ उडवला, लिनक्स टाकला, डी जसाच्या तसा हाय, तुझे कंपनीचे कागद, लग्नाचे फोटो, सगळं. मराठीसाठी खाली कोपऱ्यात एक खूण हाय, ती दाबलीस की मराठी, परत दाबलीस की इंग्रजी. विंडोजची सवय मोडायला आठवडा लागेल, शिव्या देशील, मग मला दुवा देशील. बोलणारा आवाज पण घातलाय. धोंडुबाई ऐकून म्हणाली, हा कोण गो मेला डब्यात अडकलाय?

एक विचारायचं राहिलं. ते आवाजाचं फोल्डर मला डी मध्ये दिसलं नाय. म्हटलं तू पेनड्राईव्हमध्ये घेतलं असशील. ते पाठव, बटणं लावून देतो.

पापड सोबत हायत.

हिरामण

*

रोहा, २ नोव्हेंबर २०२५

हिरामण,

पेनड्राईव्ह नाही.

फोल्डर समोर होतं. लॅपटॉप उघडला की चित्रावर, डाव्या हाताला, सगळ्यात वर. नाव दिलं होतं "आय". मला वाटलं समोर आहे म्हणजे सगळ्यात सुरक्षित. पोटातलं उडवणार तर दारातलं कशाला उडवशील? सलीमाने इथल्या सायबर कॅफेत विचारलं. तो म्हणाला, भाभी, समोर दिसतं ते पण सी मध्येच असतं.

तू उघडून बघितलं होतंस का रे? एकदा तरी?

डब्यातला माणूस मी आयसमोर लावला. लिहिलं, आये, मीच हाय. तो एकेक अक्षर चावून बोलला. आय उठून बसली. म्हणाली, "सलीमा, घरात कोन हाय? बाप्यामानूस हाय." मी तिचा हात धरला तर तिने झटकून घेतला. मग तिने माझा श्वास ऐकला. मानेच्या भोकातून आता शिट्टीसारखा येतो. तशी ती भिंतीला सरकली.

सलीमा म्हणाली, आई, हेच ते. आय म्हणाली, "मुराद मुंबईला हाय. बरा झाला का यील."

तुझा लिनक्स चांगला पळतो. माझ्याकडे पळवण्यासारखं काही राहिलं नाही.

मुराद

*

पेण, ४ नोव्हेंबर २०२५

मुराद,

मला शिव्या दे, जोडे मार. तुझी मेल वाचून शटर ओढलं आणि आत बसून राहिलो.

उघडून बघितलं होतं. गणपतीच्या लेबलांचा हिशोब अडकलेला, दहा लॅपटॉप पुढ्यात, तुझा उघडला, डी मध्ये फायली बघितल्या आणि कामाला लागलो. समोर काय होतं, मला आठवत पण नाय. ही चूक माझ्याकडे येणारा प्रत्येकजण करतो. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारतो, डेस्कटॉपवर काय ठेवलंय काय? दहावीच्या पोराला पण विचारतो. तुला नाय विचारलं. आपला माणूस म्हणून नाय विचारलं.

आता ऐक, हात जोडतो. त्या लॅपटॉपवर आता एक अक्षर लिहू नको. चालू पण करू नको. उडवलेलं लगेच मरत नाय, वर नवीन लिहिलं की मरतं. मला माहीत हाय, तू मला मेल पण त्याच्यावरच लिहिलीस. जे झालं ते झालं. केरूला देऊन टाक. पनवेलला एकजण हाय, डिस्कमधून पुसलेलं काढतो. मी स्वतः घेऊन जातो आणि त्याच्या उरावर बसतो.

केरूसोबत नवा लॅपटॉप पाठवतोय. विंडोज अकरा. पैशाचं नाव काढलंस तर आपली दोस्ती संपली. त्यातला आवाज माणसाचा हाय. मी तुझी जुन्या सवयीची टायपिंगची पद्धत घातलीय, परत नवीन शिकायला नको.

मी स्वतः आलो असतो, पण आईंसमोर उभा राहून काय बोलू? त्यांना माझा आवाज लांबून कळतो.

हिरामण

*

रोहा, २२ डिसेंबर २०२५

हिरामण,

रागावलो होतो, आता नाही. रागवायला पण आवाज लागतो. माणूस कागदावर लिहून ओरडू शकत नाही, सलीमाला हसू येतं.

नवा लॅपटॉप चांगला आहे. टायपिंग हाताला लगेच बसलं. आवाज पण स्वच्छ. मी लिहिलं, आये, मीच हाय. त्याने ते बातम्या देतात तसं म्हटलं. आय म्हणाली, "सलीमा, बातम्या बंद कर."

मग मी तिला आमच्या दोघांतली गोष्ट सांगितली. लहानपणी मी कुंडलिका नदीत घसरलो होतो, तिने केसांना धरून वर ओढलं आणि मग घरापर्यंत मारत आणलं. मशीनने सगळं नीट सांगितलं. आयने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही सलीमाला मीच सांगलेली गोष्ट हाय." सलीमा रडली. एवढ्या वर्षांची सून, आणि आता घरात खोटारडी ठरली, माझ्यासाठी.

तिचे हात मी माझ्या तोंडावरून फिरवले. पण किरणांचा शेक देऊन तोंड सुजलंय, दाढी गेली, मानेवर ओलं फडकं. ती चाचपत गेली आणि भोकाशी बोट लागताच हात काढला. पदराला पुसला. तिची चूक नाही. मलाही आरशात हा माणूस ओळखता येत नाही.

सलीमाच्या फोनमधले माझे जुने निरोप शोधले. "पाव आण." "मोटर बंद कर." "येतोय." एवढंच. यातलं आयला काय ऐकवू?

तिला वाटतं सलीमाने हाताखाली कोणी मुका माणूस ठेवलाय. मी भरवतो, पाय चेपतो, संडासला नेतो. ती "अल्ला तुझा भला करो" म्हणते. आणि रोज विचारते, मुरादचा फोन आला काय?

पनवेलवाल्याचं काही कळलं का? एकच वाक्य मिळालं तरी पुरे. कुठलं, ते तुला माहीत आहे.

मुराद

*

पेण, ८ फेब्रुवारी २०२६

मुराद्या, मुराद्या, मिळालं!

पनवेलवाल्याने हात टेकले होते. मी म्हटलं, बाबा, परत एकदा बघ, मी इथंच बसतो. सगळं नाय मिळालं. बरंचसं फुटलंय, नुसती खरखर येते. पण चार वाक्यं साबूत निघाली. "जेवलीस काय." "पाय चेपू?" "व्हय." आणि "आये, मीच हाय"!

त्याच्या त्या कोंदट दुकानात तुझा आवाज निघाला आणि मी लहान पोरासारखा रडलो. कोळीण पण हाय रे मागं, "मावरा घ्या गो"! पनवेलवाला म्हणतो, हा आवाज पुसून देऊ? म्हटलं खबरदार, तिला हात लावशील तर.

सोबत जोडलंय. चार बटणांना चार वाक्यं लावून दिलीत. फाईलीत लिहिलंय तसं कर आणि म्हातारी काय म्हणाली ते मला लगेच लिही. आता तोंड दाखवायला येतो. ईदला, धोंडुबाईचे पापड घेऊन. शिरखुर्मा ठेव.

हिरामण

*

रोहा, ३ मार्च २०२६

हिरामण,

तुला लगेच लिहायला हवं होतं. रोजे चालू आहेत म्हणून राहिलं असं सांगितलं असतं, पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू.

ज्या दिवशी तू पाठवलंस त्याच दुपारी मी आयसमोर बसलो आणि बटण दाबलं. "आये, मीच हाय." हिरामण, तिचं तोंड असं फुललं. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आलास? कवा आलास रे?" मी हात धरले. तिने झटकले नाहीत. "जेवलीस काय," दाबलं. ती म्हणाली, जेवले, तू जेवलास? "व्हय," दाबलं. ती मुंबईचं विचारत राहिली आणि मी व्हय, व्हय, व्हय दाबत राहिलो. सलीमा दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती. त्या दिवशी तू समोर असतास तर तुझे पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलो, उंबऱ्यात बसूनच दाबलं. खूश झाली. तिसऱ्या दिवशी पण. मग मला दिसलं, ती हसत नाही, कान देते आहे. म्हणाली, "परत बोल." मी दाबलं. "परत बोल." दाबलं. "परत."

मग म्हणाली, "मावरेवाली दर खेपेला तुझ्याच मागं कशी रे वरडते?"

मी काय दाबणार होतो? जेवलीस काय? पाय चेपू?

तीच म्हणाली, "आकिबच्या मागं पन मशीन असाच घरघरायचा. दर जुम्म्याला तसाच. तवा मला कळला नाय." मग सलीमाला हाक मारली आणि विचारलं, "मुराद कवा गेला?"

सलीमाने कुराण डोक्यावर घेऊन शपथ घेतली. आय म्हणाली, "तवा पन तूच बोललेलीस, आकिब मजेत हाय." मी तो न्यूजवाला आवाज लावला, हात जोडले, तिचं डोकं माझ्या छातीला लावलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं रडणाऱ्या परक्या माणसाला आपण धीर देतो तसं. मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाली, "तू पेनचा हिरामन ना रे? इतके म्हैने मुकाट्यानं माझा करतोस. तुला पन बोलवत नाय. तुझा दोस्त गेला ना."

सलीमा म्हणाली, आई, नाही हो. आयने ऐकलंच नाही.

गेल्याच्या आधीच्या जुम्म्याला म्हणाली, आकिबच्या कबरीची माती मिळाली नाय, मुरादची तरी मला दे. रोजचं एकच. दोन दिवस जेवली नाही. शेवटी मी तिला रिक्षात घालून कब्रस्तानाच्या गेटपर्यंत नेलं. आमच्यात बाया आत जात नाहीत. तिला भिंतीपाशी बसवून मी आत गेलो. बाबांच्या कबरीच्या बाजूला जागा मोकळी आहे, कधीतरी माझीच होणार. तिथली मूठभर माती घेतली आणि आणून तिच्या ओंजळीत घातली.

तिने ती डोळ्यांना लावली. "मुराद, माझ्या सोन्या," म्हणून इतकं रडली, एवढं ती आकिबसाठी पण रडली नव्हती. मी बाजूला बसून माझ्यासाठी तिच्याबरोबर दुवा मागितली. त्या दिवसापासून ती जेवते, झोपते. सलीमाशी पण नीट बोलते.

ती चार वाक्यं मी पुसून टाकली. रागाने नाही. पुन्हा बोट चुकून लागायला नको म्हणून.

आता एकच सांगायचंय. ईदला येऊ नकोस. धोंडुमावशींचे पापड केरूकडे दे. आय मला हिरामण म्हणून हाक मारते, मी हाताने तिचा हात दाबून ओ देतो. एवढं तरी जमलंय. तू आलास, दारातून तुझा तो आवाज काढलास, तर ती विचारेल, मग हा माझ्याजवळ बसलाय तो कोण?

आणि ते मला सांगता येणार नाही.

मुराद